ऐकून घ्यायला कोण आहे?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचं गणित प्राथमिक शाळेतलं आहे. सकाळचे चार तास म्हणजे २४० मिनिटं. दारात १२० केसपेपर असतील तर माणशी दोन मिनिटं. त्यातच नाव-गाव, रक्तदाब, छातीला स्टेथोस्कोप, गोळ्यांची चिठ्ठी आणि ‘पथ्य काय पाळू?’ या प्रश्नाचं उत्तर. पावसाळ्यात तापाची साथ आली की हा हिशेबही कोलमडतो. बाहेरही चित्र फार वेगळं नाही. ६७ देशांतल्या डॉक्टर-रुग्ण भेटींचा आढावा २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. प्राथमिक उपचारांच्या ठिकाणी एका भेटीला बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद मिळत होते, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं.

वेळ कमी, हे खरंच. पण मिळालेल्या वेळात रुग्ण बोलतो किती? हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. रुग्णानं ‘काय होतंय’ ते सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच तोडलं होतं. आपलं म्हणणं पुरतं मांडू शकले ते जेमतेम चारांतले एक. ‘बोलू दिलं तर हे थांबायचेच नाहीत’ अशी आम्हा डॉक्टरांची ठाम समजूत असते. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या रुग्णालयात हीच समजूत तपासून पाहिली गेली. ३३५ रुग्णांना न तोडता बोलू दिलं. सरासरी ९२ सेकंदांत ते स्वतःहून थांबले, आणि ७८ टक्के लोकांचं दोन मिनिटांच्या आत आटोपलं. म्हणजे आमच्या त्या दोन मिनिटांतही बऱ्याच जणांचं ऐकून होण्यासारखं असतं. मग तपासायचं कधी, हा प्रश्न उरतो, तो वेगळा.

हे सांगायचं कारण माण आणि आसपासचा पट्टा. मुळशी तालुक्यातलं हे भातखाचरांचं गाव. आता हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कचा विस्तार त्याच्या शिवारात येऊन बसला आहे आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोचं टोकही इथंच आहे. माण, मारुंजी, चांदे, नांदे या गावांतून आणि तिकडं चाकणच्या कारखान्यांतून जे रुग्ण येतात, त्यांच्या तक्रारींचा एक नमुना कोणत्याही फिजिशियनला पाठ झालेला असतो. छातीत धडधड. डोकं जड. घशाशी गोळा आल्यासारखं. हातापायाला मुंग्या. ‘अंगात कसंतरीच होतं.’ ईसीजी ठीक, थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक. डॉक्टर आनंदानं म्हणतो, ‘सगळं नॉर्मल आहे’, आणि रुग्णाचा चेहरा पडतो. कारण त्रास तर आहेच, फक्त आता त्याला नाव उरलेलं नाही.

या रुग्णांत साठी उलटलेले शेतकरी असतात. जमीन गेली, पैसे आले, चार मजले चढले, खोल्या भाड्यानं गेल्या. पहाटे उठून जायला खाचर मात्र राहिलं नाही. लातूर-यवतमाळहून आलेली, पीजीत राहणारी, रात्री परदेशातल्या वेळेनुसार काम करणारी पंचविशीतली मुलं-मुली असतात. तीन पाळ्यांत झोपेचं खोबरं झालेले कंत्राटी कामगार असतात. घरमालकीण झालेल्या, पण घरात बोलायला कुणी नसलेल्या बायका असतात. त्यांचं दुखणं खोटं नसतं. मराठीत ‘जीव लागत नाही’ असं म्हणतात, त्याची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होत नाही एवढंच.

मग हे लोक जिथं ऐकून घेतलं जाईल तिथं जातात. कुणी महाराजांकडे, कुणी गुरुवारी बसणाऱ्या ताईंकडे, कुणी शनिवार-रविवारच्या निवासी शिबिराला, कुणी मोबाईलवरच्या प्रेरणादायी वक्त्याकडे. माझ्या व्यवसायातले पुष्कळजण याची टर उडवतात. मला ती उडवावीशी वाटत नाही. ज्यानं या माणसाला तासभर दिला, त्याच्याकडे तो पुन्हा जाणारच. प्रश्न असा विचारायला हवा, की त्या तासात नेमकं काय घडलं? माणूस बाहेर पडला तो जास्त मोकळा होऊन, की जास्त बांधला जाऊन?

या प्रश्नाला जुनी आणि नियमांनी बांधलेली उत्तरं आहेत. ख्रिस्ती परंपरेत ‘स्पिरिच्युअल डिरेक्शन’ नावाची एक पद्धत शतकानुशतकं चालत आली आहे. आध्यात्मिक मार्गदर्शन असं तिचं भाषांतर होतं, पण ‘मार्गदर्शन’ हा शब्द जरा फसवा आहे. प्रत्यक्षात त्यात दाखवण्यापेक्षा सोबत चालणं जास्त असतं. ही पद्धत घडवणाऱ्यांत एक मोठं नाव इग्नेशियस लोयोला यांचं, येशूसंघाचे म्हणजे जेझुइटांचे संस्थापक. त्यांची गोष्ट डॉक्टरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण ती रुग्णशय्येवर सुरू होते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं या स्पॅनिश सरदाराचा पाय मोडला. महिनोन् महिने अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या मनात दोन प्रकारची दिवास्वप्नं येत. एक शौर्याची, दरबाराची. दुसरी संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना सुख वाटे. पण पहिली ओसरली की मन कोरडं पडे, दुसरी ओसरल्यावरही समाधान टिकून राही. स्वप्नापेक्षा स्वप्नानंतरच्या चवीकडे त्यांनी लक्ष दिलं, आणि त्यातून निर्णय कसे पारखावेत याचं एक शास्त्रच उभं केलं. ‘आध्यात्मिक साधना’ हे त्यांचं छोटं पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं.

त्या पुस्तकात साधना करवून घेणाऱ्याला एक सूचना आहे. ती मला वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतीवर लावावीशी वाटते. त्यानं तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, समोरच्याला कोणत्याही बाजूला ओढू नये. देव आणि तो माणूस यांचं जे काय चाललं असेल ते त्यांचं त्यांना करू द्यावं. देव न मानणाऱ्यानं ‘देव’ या जागी स्वतःला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते ठेवून पाहावं, सूचना तितकीच लागू पडते.

आज ही पद्धत चालते ती साधारण अशी. महिन्यातून एकदा, तासाभराची भेट. बोलणारा बोलतो, ऐकणारा बहुतेक वेळ गप्प असतो. तो विचारतो ते प्रश्न लहान असतात: ‘हे सांगताना आत्ता काय वाटतंय?’, ‘मागच्या वेळी तुम्ही हाच शब्द वापरला होता, का बरं?’ मौनाला घाबरायचं नाही. सांगितलेलं बाहेर जाणार नाही. आणि ऐकणाऱ्यालाही स्वतःचा एक ऐकणारा असावा, ज्याच्यापुढे तो आपला राग, आपला अहंकार, आपले आवडते-नावडते उघडे करील. मला यातला शेवटचा नियम सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे याचं एक केंद्र फार लांब नाही. मुंबईत १९३१ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी शिकागोत समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली; पुढे ती लोणावळ्याला गेली. माणहून द्रुतगती महामार्गानं तासाभराची वाट. धर्मगुरू आणि धर्मभगिनींना माणसांचं ऐकायला शिकवणं हे तिचं काम. डिमेलोंनी इग्नेशियसच्या पद्धतीला विपश्यनेतलं श्वासाचं भान, झेन आणि सूफी गोष्टी, आणि पाश्चात्त्य मानसशास्त्र यांची जोड दिली. हे सगळ्यांना रुचलं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकननं त्यांच्या काही मतांबाबत भाविकांना सावध केलं. तो वाद धर्मशास्त्राचा, माझ्या प्रांतातला नाही. पण त्यांच्या पुस्तकांचा पहिला धडा बहुधा शांत बसून शरीरात काय जाणवतंय ते नुसतं बघण्याचा असतो, आणि तो आमच्या ‘सगळं नॉर्मल’ रुग्णांना फार उपयोगी पडण्यासारखा आहे.

यासाठी ख्रिस्ती परंपरेतच शिरायला हवं असंही नाही. आळंदी-देहूच्या पंचक्रोशीत राहणाऱ्यांना चांगदेवांची कथा ठाऊक असते. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले. मायना काय लिहावा हेच कळेना, वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागदच पाठवला. त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर गेलं, तीच ‘चांगदेव पासष्टी’. न लिहिलेलं वाचणं याहून वेगळं काय असतं? तसंच विसोबा खेचरांचं. नामदेव औंढ्या नागनाथाला गेले तर हे महाशय पिंडीवर पाय टाकून झोपलेले. नामदेव रागावले. विसोबांनी प्रवचन केलं नाही, ‘म्हातारा आहे, जिथं पिंड नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव’ एवढंच म्हणाले. पुढचं नामदेवांना स्वतःलाच उमगलं. चमत्काराची हमी मी देत नाही. पण उत्तर हातात न देता माणसाला उत्तरापर्यंत चालवत नेणं हा गुण त्या कथेत नेमका पकडला आहे. आणि वारीत तर लहानथोर एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात. ज्याच्या पाया पडायचं तोही आपल्या पाया पडतो, तिथं कुणी कुणाचा मालक व्हायला वाव कमी राहतो.

आता विज्ञानाचं बघू. नुसत्या ऐकण्यानं खरंच काही होतं का? टेड कॅपचुक आणि सहकाऱ्यांचा २००८ मधला ‘बीएमजे’तला प्रयोग मला यात सर्वांत बोलका वाटतो. पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता असा जुनाट त्रास, म्हणजे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ असलेले २६२ रुग्ण. तीन गट. पहिल्याला फक्त प्रतीक्षा यादीत ठेवलं. दुसऱ्याला ॲक्युपंक्चरच्या खोट्या सुया, म्हणजे त्वचेत न शिरणाऱ्या, आणि जेमतेम पाच मिनिटांची भेट. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण सुरुवातीला ४५ मिनिटांचं आस्थेनं केलेलं संभाषण: त्रास काय, तो कशाशी जोडलेला वाटतो, आयुष्यात त्यानं काय बिघडलं. तीन आठवड्यांनी ‘पुरेसा आराम’ पडल्याचं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला १८ टक्क्यांचा फरक सुईचा नाही, औषधाचा नाही. तो आस्थेनं केलेल्या त्या भेटीचा आहे.

मेंदूच्या अंगानंही थोडं कळलं आहे. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की समोर दिसणाऱ्या भावनेला शब्दांत नाव दिलं की भीती-धोक्याशी संबंधित ‘अमिग्डला’ या भागाची धावपळ कमी होते आणि कपाळामागचा, लगाम घालणारा भाग कामाला लागतो. ‘बोलल्यावर हलकं वाटलं’ या घरगुती अनुभवाचं हे एक संभाव्य स्पष्टीकरण. मात्र यातून फार मोठी उडी मारू नये. ऐकण्यानं गाठ विरघळत नाही, बंद झालेली रक्तवाहिनी उघडत नाही. डॉक्टर-रुग्ण नात्यावरचे १३ नियंत्रित प्रयोग एकत्र करून २०१४ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात आरोग्यावर होणारा परिणाम छोटा पण खरा असल्याचं दिसलं. छोटा का होईना, पण त्याला दुष्परिणाम नाहीत आणि तो विकत आणावा लागत नाही.

दुष्परिणाम नाहीत हे मात्र चांगल्या ऐकणाऱ्याबद्दलच म्हणता येतं. माणूस मन उघडं करतो तेव्हा तो भूल दिलेल्या रुग्णाइतकाच असहाय असतो, आणि डॉक्टरला जसे कायदे आहेत तसे बहुतेक ‘मार्गदर्शकां’ना नाहीत. तेव्हा पारख आपणच करायची. पहिल्या भेटीत तुमच्यापेक्षा तेच जास्त बोलले का? तुमचं गुपित दुसऱ्याच भक्ताच्या तोंडून तुमच्या कानावर आलं का? घरच्यांपासून, मित्रांपासून तोडायचा सूर आहे का? प्रत्येक भेटीनंतर पुढचा, आणखी महागडा टप्पा उभा राहतो का? लग्न, नोकरी, जमिनीचा व्यवहार यांचे निर्णय त्यांना विचारल्याशिवाय घेता येईनासे झाले का? आणि औषध बंद करायला सांगितलं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे विचारायची गरजच नाही. मधुमेहाचं इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, मानसिक आजाराची औषधं श्रद्धेच्या नावाखाली बंद केलेले रुग्ण अत्यवस्थ होऊन येतात ते आम्हीच पाहतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखणं हा गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार करता येते, हे अजून पुष्कळांना माहीत नाही.

याच ठिकाणी एक नाजूक गोष्ट. घरातला कर्ता मुलगा अचानक गप्प होतो, जेवण तोडतो, देवळात बसून राहतो, ‘सगळं व्यर्थ आहे’ म्हणू लागतो. घरचे म्हणतात, त्याला वैराग्य आलं. असेलही. पण पहाटे तीनला जाग येणं, महिन्या-दोन महिन्यांत वजन उतरणं, आवडीच्या गोष्टीतही रस न उरणं, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटणं, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणं आहेत आणि त्यावर उपचार आहेत. कानात आवाज येऊ लागले, कुणी आपल्याविरुद्ध कट करतंय असं वाटू लागलं, तर तो साक्षात्कार समजून थांबू नये. वैराग्य आलेला माणूस सहसा इतरांशी जास्त मऊ होतो. आजारी माणूस आक्रसत जातो. जाणता गुरू हा फरक ओळखतो आणि स्वतःच डॉक्टरकडे पाठवतो. पंचेचाळिशीनंतरची छातीतली धडधडही आधी ईसीजीच्या टेबलावर यावी, मग मनाच्या चर्चेला.

हे सगळं डॉक्टरांनीच करावं असं माझं म्हणणं नाही. ते होणारही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के निघालं. इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? गोव्यानं यावर एक वाट दाखवली आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराचं काहीही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी अर्ध्यांना त्यांच्याबरोबर सहा ते आठ बैठका मिळाल्या. ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. त्या बैठकांत नुसतं ऐकणं नव्हतं, रुग्णाला छोट्या छोट्या कृतींकडे परत आणण्याची ठरलेली रीत होती. पण पाया ऐकण्याचाच. आणि एक बारकावा: हे समुपदेशक आपल्या बैठकांची ध्वनिमुद्रणं एकमेकांना ऐकवून गुण देत, चुका काढत. ऐकणाऱ्याचंही कुणीतरी ऐकायचं, हा जेझुइटांचा जुना नियम इथं वेगळ्या वेशात भेटतो.

माणसारख्या ठिकाणी हे का होऊ नये? मोठ्या कंपन्यांत समुपदेशनाची सोय असते, पण ती बहुतेकदा कायम कर्मचाऱ्यांपुरती. त्याच इमारतीतला सुरक्षारक्षक, कॅन्टीनमधली मावशी, कॅब चालवणारा मुलगा आणि ज्याच्या शेतावर ती इमारत उभी राहिली तो शेतकरी, हे तिच्या बाहेर. आशाताई घरोघरी जातात, लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. पण त्यांच्या पिशवीत आधीच इतकी कामं कोंबली आहेत की आणखी एक फुकट टाकणं अन्यायाचं होईल. या कामाचं वेगळं मानधन हवं, प्रशिक्षण हवं, महिन्याला जाणकारासमोर बसून आढावा हवा. गावातले भजनी मंडळातले एखादे शांत काका, निवृत्त शिक्षिका, शिफ्टमधून मोकळा झालेला अनुभवी कामगार अशी माणसं यात येऊ शकतात. निवड करताना एकच चाचणी घ्यावी: दहा मिनिटं समोरच्याचं ऐका आणि एकही सल्ला देऊ नका. उमेदवारांतले किती टिकतील सांगवत नाही. आम्ही मराठी माणसं सल्ल्याच्या बाबतीत भलतीच उदार.

तोवर घरच्या घरी करण्यासारखं थोडं आहे. कुणी बोलू लागलं तर मोबाईल पालथा ठेवा. ‘त्यात काय एवढं’, ‘आमच्या वेळी तर’ आणि ‘पॉझिटिव्ह विचार कर’ ही तीन वाक्यं गिळून टाका. त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत परत म्हणून ‘असंच ना?’ एवढं विचारा. काळजी वाटत असेल तर ‘जीव देण्याचे विचार येतात का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरतात ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही; उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारल्याची सुटका वाटते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात आणा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, क्रमांक १४४१६, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आरोग्य केंद्राला यासाठी लागणारं सामान फारसं नाही. दार लावता येईल अशी एक खोली, सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि आठवड्यातल्या दोन दुपारी. सकाळची ओपीडी आटोपल्यावर अशी एखादी खोली बहुतेक केंद्रांत रिकामीच पडलेली असते.